पितळेची तार, सरकीचं तेल आणि काकांचा प्रश्न

मागच्या महिन्यात लाँग वीकेंडला जोडून दोन दिवस रजा टाकली आणि घरी गेलो. घर म्हणजे दर्यापूरकडे. काका म्हणाले चल चिखलदर्‍याला जाऊन येऊ, पाऊस झालाय, मजा येईल. परतवाड्याहून घाट चढायला लागलं की दर दहा मिनिटांनी हवा बदलते. खाली उकडत असतं आणि वर पोचेपर्यंत काच खाली करून हात बाहेर काढावासा वाटतो. भीमकुंडापाशी पोचलो तर पूर्ण ढग. दरी दिसतच नव्हती, फक्त पाण्याचा आवाज. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि या कुंडात हात धुतले, अशी गोष्ट आहे. कीचकदरा, त्याचं चिखलदरा. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय आणि दर वेळी काका ती नव्याने सांगतात :-)

पण या वेळी गोष्ट संपल्यावर काकांनी वेगळंच काढलं. "काऊन रे, हे पाण्यापासून गॅस काढून रायले म्हन्तात, ते खरं हाय काय?"

मी म्हटलं, "हो काका, हायड्रोजन. ग्रीन हायड्रोजन म्हणतात त्याला."

"मंग पाणी कोनाचं घेनार?"

आता हा प्रश्न दर्यापूरच्या माणसाने विचारावा यात नवल नाही. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पूर्णा नदीच्या खोर्‍यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं पण पिता येत नाही आणि शेतीलाही धड चालत नाही. आजीच्या घरी तांब्याच्या भांड्यात पिण्याचं पाणी वेगळं आणि रांजणात वापरायचं वेगळं असायचं. चुकून वापरायचं पाणी प्यायलो तर तोंड वाकडं व्हायचं. आणि जिथे आम्ही उभे होतो तो चिखलदरा म्हणजे विदर्भातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक. तरी याच तालुक्यातल्या काही गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. वर पाऊस पडून वाहून जातो, खाली पाणी आहे ते खारं. अशा माणसाला कुणी सांगितलं की आम्ही पाणी फोडून गॅस करणार, तर तो हेच विचारणार ना?

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पुण्याला परतल्यावर मात्र ते डोक्यात राहिलं, आणि दोन शनिवार-रविवार मी याच विषयात घालवले. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्री जेमतेम काढली होती, त्यामुळे सुरुवातीपासून वाचावं लागलं. आणि गंमत म्हणजे ही सगळी गोष्ट फिरून फिरून वर्‍हाडाच्या आसपासच येत राहिली. तर चहा घेऊन बसा, थोडं लांबण लागणार आहे.

सुरुवात १८०० सालची. इटलीतल्या व्होल्टाने त्याच्या बॅटरीबद्दलचं पत्र मार्चमध्ये लंडनला पाठवलं. ते छापून यायच्या आतच लंडनमधल्या दोघांनी तशी बॅटरी बनवली सुद्धा. एक विल्यम निकल्सन, जो स्वतःचं विज्ञान-मासिक चालवायचा, आणि दुसरा अँथनी कार्लाइल, जो सर्जन होता. वायरचा संपर्क नीट व्हावा म्हणून त्यांनी वरच्या चकतीवर पाण्याचा थेंब टाकला, तर त्यात बुडबुडे दिसले. मग २ मे रोजी त्यांनी नळीत पाणी भरून दोन्ही बाजूंनी पितळेच्या तारा घातल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे यायला लागले. दुसर्‍या तारेवर ऑक्सिजन यायला हवा होता, पण तो आलाच नाही. ती तार काळवंडली आणि खराब व्हायला लागली. ऑक्सिजन बाहेर यायच्या ऐवजी तारेलाच खात होता. मग त्यांनी प्लॅटिनमच्या तारा लावल्या, तेव्हा कुठे दोन्ही बाजूंना दोन वायू मिळाले.

(याच्याही अकरा वर्षं आधी, १७८९ मध्ये, हॉलंडमधल्या दोघांनी घर्षणाच्या विजेच्या ठिणग्यांनी पाणी फोडलं होतं, पण वाहत्या करंटने पाणी फोडण्याची खरी सुरुवात १८००चीच.)

मला हा प्रसंग वाचून जाम मजा वाटली. कारण गेल्या सव्वादोनशे वर्षांचा सगळा इतिहास त्या पहिल्याच प्रयोगात आहे. पाणी फोडणं अवघड नाही, शाळेतही करतात. अवघड आहे ती तार. स्वस्त तार घेतली तर ती गंजते आणि टिकणारी घेतली तर ती प्लॅटिनमची असते. या दोन टोकांच्या मध्ये काहीतरी शोधायचं, एवढाच हा उद्योग आहे.

तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? चिखलदर्‍याच्या शेजारचा गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडे होता. तीनच वर्षांनी, १५ डिसेंबर १८०३ ला, आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला. त्याआधी नोव्हेंबरच्या शेवटी अकोल्याकडे अडगावची लढाई झाली होती. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूवाला वेलिंग्टन झाला. किल्ल्यावर आजही जुने तलाव आहेत. एवढ्या उंचीवर फौज ठेवायची तर पाणी आधी अडवावं लागतं, हे किल्ला बांधणार्‍यांना पक्कं माहीत होतं. असो.

१८३४ च्या सुमारास मायकेल फॅरडेने हिशोब बसवला : किती वीज घातली की किती वायू मिळणार. इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड हे शब्दही त्याच वेळचे. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या बर्झेलिअसने 'कॅटॅलिसिस' हा शब्द काढला. आपण मराठीत उत्प्रेरक म्हणतो. स्वतः न संपता क्रिया सोपी करून देणारा पदार्थ.

उत्प्रेरक पाणी फोडताना नेमकं काय करतो, ते मला घाटाच्या उदाहरणाने समजलं. परतवाड्याहून चिखलदर्‍याला जायचं तर तेवढी उंची चढावीच लागते, ती कुणालाही कमी करता येत नाही. पाण्याच्या बाबतीत ही उंची म्हणजे १.२३ व्होल्ट. पण समजा रस्ता असा आहे की आधी एक मोठी टेकडी चढा, मग उतरा, मग पुन्हा चढा. तर पेट्रोल जास्त जाणार. प्रत्यक्षात १.२३ व्होल्टवर पाणी फारसं फुटतच नाही, कारखान्यात १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. वरचा सगळा खर्च या मधल्या टेकड्यांचा. उत्प्रेरक त्या टेकड्या कापून रस्ता सरळ करतो. ज्युलियस टाफेलने १९०५ मध्ये या जादा व्होल्टेजचं गणित मांडलं, आणि आजही नवीन उत्प्रेरक बनवला की लोक पहिल्यांदा टाफेलचा आलेख काढतात.

मध्येच एक डॅनिश मास्तर येतात. पॉल ला कूर. आस्कोव्ह नावाच्या गावात शाळेत शिकवायचे. १८९१ मध्ये त्यांनी पवनचक्कीवर वीज बनवायला सुरुवात केली. आता वारा नसेल तेव्हा काय करायचं? तर वारा असताना पाणी फोडून हायड्रोजन साठवायचा आणि रात्री त्यावर शाळेचे दिवे लावायचे. १८९५ पासून काही वर्षं त्यांनी हे खरंच चालवलं. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा, आणि शाळेच्या खिडक्यांची तावदानं बदलावी लागायची असं सांगतात :-) हे वाचताना मला चिखलदर्‍याजवळ मोथ्याच्या बाजूला उभारलेल्या पवनचक्क्या आठवल्या. ग्रीन हायड्रोजन म्हणून आज जे चकाचक प्रेझेंटेशन दाखवतात, ते एका खेड्यातल्या मास्तरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

आता सरकीच्या तेलाची गोष्ट, जी मला सगळ्यात आवडली. अमेरिकेतही कापसाचा मुलूख आहे, आपल्या वर्‍हाडासारखा. कापूस वेचला, जिनिंगमध्ये रुई वेगळी केली की उरते सरकी. सरकीचं तेल निघतं, पण ते घट्ट करून तुपासारखं विकायचं तर त्यात हायड्रोजन घालावा लागतो. आपल्याकडचं वनस्पती तूप असंच बनायचं. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात अशाच एका तेलाच्या कंपनीत १९१५ च्या सुमारास मरे रॅनी नावाचा इंजिनीअर लागला. काम काय? हायड्रोजन बनवण्यासाठी पाणी फोडणारी यंत्रं बसवणं! ते करताना त्याच्या लक्षात आलं की तेलात हायड्रोजन घालायला जो निकेल वापरतात तो फारच मंद आहे. त्याने आपल्या डोक्याने प्रयोग सुरू केले. १९२५ मध्ये पहिलं पेटंट आणि १९२७ मध्ये जास्त चांगलं दुसरं.

त्याची युक्ती बघा. निकेल आणि ॲल्युमिनियम एकत्र वितळवून मिश्रधातू करायचा. त्याची पूड करून कॉस्टिक सोड्यात टाकायची. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो आणि निकेल तसाच ठेवतो. मागे उरतो निकेलचा स्पंज, इतकी बारीक छिद्रं असलेला की साध्या मायक्रोस्कोपला दिसणार नाहीत. एका ग्रॅममध्ये पृष्ठभाग किती? सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे साधारण हजार स्क्वेअर फूट. हिंजवडीत टू बीएचके घेतानाचा आकडा आहे हा, इथे तो चिमूटभर पुडीत मावतो! 'नॅनो' हा शब्द फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधी या माणसाने नॅनो-रचनेचा उत्प्रेरक बनवून विकला, आणि तोही सरकीच्या तेलासाठी. पुढे १९५० च्या दशकात जर्मनीत एदुआर्ट युस्टीने हाच रॅनी निकेल इलेक्ट्रोडमध्ये वापरला. ज्या यंत्रांपासून रॅनीची गोष्ट सुरू झाली तिथे त्याचा निकेल परत आला.

भारतात मोठ्या प्रमाणावर पाणी फोडलं गेलं ते पंजाबात, नंगलला. भाक्रा धरणाची वीज होती, म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या खत कारखान्यात विजेने पाणी फोडून हायड्रोजन आणि त्यापासून अमोनिया बनवत. जोडीला जड पाण्याचा कारखानाही १९६२ मध्ये सुरू झाला. म्हणजे साठ वर्षांपूर्वी आपण जलविद्युतवर 'ग्रीन' खत बनवत होतो. मग ते थांबलं का? कारण तेलापासून आणि गॅसपासून हायड्रोजन स्वस्तात मिळायला लागला, आणि विजेला दुसरी गिर्‍हाइकं खूप होती. तंत्रज्ञान चाललं नाही असं नव्हतं, हिशोब बसला नाही.

हे सगळं झालं हायड्रोजनच्या बाजूचं. पण पितळेची जी तार खराब झाली होती ती ऑक्सिजनच्या बाजूची. तिचं उत्तर शोधलं हेन्री बीअर या डच माणसाने, १९६५ च्या आसपास. टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर भाजून चढवायचा. पत्रा गंजत नाही, आणि वरचा थर उत्प्रेरकाचं काम करतो. कॉस्टिक सोड्याच्या आणि क्लोरीनच्या कारखान्यांनी आपले ग्रॅफाइटचे ॲनोड काढून हे लावले. या थराचा मोठा केलेला फोटो पाहिला आणि मी उडालोच. सगळीकडे भेगा. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला पडतात अगदी तशा. इंग्रजीत तर त्याला सरळ चिखलाच्या भेगाच म्हणतात. आपल्या शेतात भेग पडली की वाईट वाटतं, इथे मात्र भेगांमुळे पाण्याला आत शिरायला जास्त जागा मिळते.

आणि इथून गोष्ट सांडपाण्याकडे वळते. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर, म्हणजे भिंतीच्या पांढर्‍या रंगातल्या पदार्थावर, अतिनील प्रकाश टाकला की पाणी फुटतं. हायड्रोजन फार थोडा निघाला. पण १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी त्याच पदार्थाची पूड पाण्यात टाकून, प्रकाश पाडून, पाण्यातलं सायनाइड नष्ट करून दाखवलं. विचार केला तर सरळ आहे. ज्या पृष्ठभागावर ऑक्सिजन तयार होऊ शकतो, तिथे घाणही जाळता येते. पाणी फोडणं आणि पाणी स्वच्छ करणं ही एकाच इलेक्ट्रोडची दोन कामं आहेत.

याचा सगळ्यात सुंदर नमुना २००९ चा. ओहायोतल्या जेरार्डिन बॉट यांनी पाण्याऐवजी युरिया फोडला. मूत्रात असतो तो, शेतात टाकतो तोच युरिया. त्याला कागदोपत्री फक्त ०.३७ व्होल्ट लागतात, पाण्याला १.२३. आणि उत्प्रेरक कोणता? पुन्हा आपला निकेल. म्हणजे एका बाजूला सांडपाण्यातला युरिया जातो, दुसर्‍या बाजूला हायड्रोजन मिळतो, आणि वीजही कमी. प्रत्यक्षात टेकड्या इथेही आहेत, ०.३७ वर काही होत नाही, त्यामुळे लगेच नाचू नका. पण दिशा बघण्यासारखी आहे.

मग 'नॅनो'ने नवीन काय केलं? एक म्हणजे मोजमाप. रॅनीला स्पंज मिळाला पण आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. आता अणू दिसतात. १९८७ मध्ये कॉरिगनने दाखवून दिलं की निकेलच्या इलेक्ट्रोडमध्ये लोखंडाचा थोडा अंश शिरला तर ऑक्सिजन खूप सहज निघतो. लोक ज्याला अशुद्धी म्हणून शिव्या घालत होते तेच औषध निघालं. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने निकेल-लोखंडाचे अगदी पातळ थर कार्बनच्या नॅनोनळ्यांवर चढवून कमाल करून दाखवली. रुथेनियम-इरिडियमसारखे महाग धातू नकोत, निकेल आणि लोखंड पुरे, ही आशा तिथून जोर धरते.

आणि यात महाराष्ट्र कुठे आहे? पुण्यात एनसीएल १९५० पासून आहे, मुंबईत आयसीटी १९३३ पासून (जुन्या लोकांची यूडीसीटी). आयसीटीत गणपती यादव यांनी वीज कमी वापरून, उष्णता आणि तांब्याच्या क्लोराइडच्या चक्रातून हायड्रोजन काढण्यावर काम केलं, आणि तिथल्याच अनिरुद्ध पंडित यांनी सांडपाण्यात सूक्ष्म बुडबुडे फोडून घाण नष्ट करण्यावर. पण माझं मन रमलं ते कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने पातळ थर बनवण्याची अगदी साधी पद्धत वर्षानुवर्षं घासून घासून पक्की केली. काच किंवा धातूची पट्टी एका द्रावणात बुडवायची, मग पाण्यात खळबळायची, मग दुसर्‍या द्रावणात, मग पुन्हा पाण्यात. असं पन्नास-शंभर वेळा. 'सिलार' नावाची ही पद्धत १९८५ ची, तिच्यावर पठाण आणि लोखंडे यांचा २००४ मधला लेख जगभर वाचला जातो. कोट्यवधींचं व्हॅक्यूम मशीन लागत नाही, चार बीकर आणि चिकाटी लागते. कापड रंगवणार्‍याला हे काम पाहून नवल वाटणार नाही. अशा थरांचा उपयोग आज बॅटरीसारख्या साठवणीला होतो, तसाच पाणी फोडायलाही.

आता एक कडू गोष्ट. यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेत आहे. शोधनिबंधात उत्प्रेरक दिवसभर चालला की टाळ्या मिळतात. कारखान्यात तो पन्नास-साठ हजार तास चालावा लागतो, म्हणजे सहा-सात वर्षं. आपल्या भाषेत सांगायचं तर 'माझ्या मशीनवर चालतंय' आणि 'प्रॉडक्शनला चालतंय' यातला फरक. शिवाय पाण्यात मीठ असेल तर ॲनोडवर ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघू शकतो आणि इलेक्ट्रोड लवकर मरतो. म्हणून आमचं खारं पाणी सरळ यंत्रात घालता येत नाही, आधी गोडं करावं लागतं. सांडपाण्यात तो क्लोरीन जंतू मारतो खरा, पण सेंद्रिय घाणीशी मिळून नवे अपायकारक पदार्थही बनवू शकतो. फुकट काहीच नाही.

तर आता काकांचं उत्तर. राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. लक्ष्य : २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राप्रमाणे नऊ लिटर पाणी. गुणाकार करा. साडेचार कोटी घनमीटर. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचा उपयुक्त साठा ५६ कोटी घनमीटरच्या आसपास आहे, त्याच्या आठ टक्के. सगळ्या देशासाठी! शुद्ध करताना वाया जाणारं पाणी आणि थंड करायला लागणारं पाणी धरलं तर दुप्पट-तिप्पट म्हणा.

आणि दुसरा आकडा. नागपूरला भांडेवाडीत रोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देण्याचा प्रकल्प आहे. १३ कोटी गुणिले ३६५ केलं तर वर्षाला पावणेपाच कोटी घनमीटर. मी दोनदा तपासलं. विदर्भातल्या एका शहराच्या एका प्रकल्पाचं पाणी, आणि देशाच्या हायड्रोजनमध्ये प्रत्यक्ष फुटणारं पाणी, जवळपास सारखं.

खरा खर्च विजेचा आहे. किलोला सुमारे ५० युनिट. उत्प्रेरकाने नुसता ०.१ व्होल्ट वाचवला तरी किलोमागे अडीच युनिटांहून जास्त वाचतात. ५० लाख टनांवर ते वर्षाला १,३०० कोटी युनिटांच्या वर जातं. म्हणून तर जगभर लोक निकेलच्या कणांशी झटतायत.

हे सगळं मी रविवारी काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मंजे पाणी पुरते. सांडपाणी साफ करूनच होते. बरं झालं. मंग मले एक सांग, यंत्रात घालाले पाणी गोडं कराची मशीन बसवतीन, तर गावाच्या टाकीले तीच मशीन काऊन नाई बसवत?"

मी गप्प. आकडे त्यांनी मान्य केले होते, त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती.

विचार करतोय तेव्हापासून. निकल्सनला पितळेची तार खराब झालेली दिसली, आणि तिचं उत्तर शोधायला माणसं दोनशे वर्षं खपली, कारण त्या उत्तरात पैसा होता. सरकीच्या तेलात होता, क्लोरीनमध्ये होता, खतात होता. खारं पाणी गोडं करायचं तंत्र तर आजच उपलब्ध आहे, त्यासाठी नव्या शोधाची वाटही बघायला नको. कुठे हायड्रोजनचा प्रकल्प झालाच तर त्याच्या परवानगीच्या कागदावर एक ओळ असावी, की यंत्रासाठी जेवढं पाणी शुद्ध कराल त्यातला ठरावीक वाटा आधी गावाच्या टाकीत. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काहीच नाही. एक पाइप आणि एक मीटर.

तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रात काम करत असेल तर जरूर सांगा, हे असं कुठे झालंय का. मला काकांना दिवाळीच्या आत उत्तर द्यायचंय.